शुक्रवारच्या आत तीन प्रती

चंद्री आणि तिची सासू आवडी बुधवारी दुपारी पद्मजाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्याजवळ विकायला काहीच नव्हतं. एरवी चंद्री बदलापूरच्या कात्रपला यायची ती डोक्यावर पाटी घेऊन. पावसाच्या तोंडावर शेवळांची रानभाजी, मग टाकळा, पुढे काकड्या. आज तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद होता. आणि आवडी तर वाडीवरून खाली फारशी उतरतच नसे.

पद्मजाने दोघींना आत घेतलं, पाणी दिलं. आवडीने तांब्या रिकामा केला आणि मग चंद्रीने कागद पुढे केला.

त्यांची टेंभीची वाडी बारवी धरणाच्या रस्त्याने वर, टेकडीच्या पोटाला. तीस-बत्तीस घरं. वाडीची विहीर खाली ओढ्याकाठी, आणि विहिरीवर जायची पायवाट आवडी नवी नवरी होऊन आली त्याच्याही आधीची. दोन वर्षांपूर्वी मधली जमीन मुंबईच्या एका शेठने फार्महाऊससाठी घेतली. मे महिन्याच्या अखेरीस त्याने भोवती काटेरी तार ओढली आणि पायवाट तारेच्या आत गेली. पावसाळ्यात दारात पाणी होतं म्हणून कोणाला त्याचं एवढं वाटलं नाही. शिवाय भाताची कापणी झाल्यावर फाटक ठेवून देऊ, असं शेठचा मॅनेजर मधु म्हणालाही होता. कापणी झाली, ओढा आटायला लागला, फाटक काही आलं नाही. आता बायका टेकडीला वळसा घालून जात होत्या. एका खेपेला दीड तास.

वाडीच्या मास्तरांनी अर्ज लिहून दिला होता. तो घेऊन दोघी तहसील कचेरीत गेल्या, तर तिथल्या कारकुनाने तो न वाचताच परत सरकवला. असलं अक्षर साहेब वाचत नाहीत, टाइप करून तीन प्रती आणा, आणि शुक्रवारी कचेरी बंद व्हायच्या आत आणा, कारण तार लावून सहा महिने उलटले की हा अर्ज घेताच येत नाही, असं त्याने सांगितलं. कचेरीच्या फाटकापाशी एक टायपिंगवाला बसायचा. त्याने अर्जातलं शेठचं नाव वाचलं आणि आपली रिबिन संपलीय म्हणाला.

“मंग त्याच रिबिनीवर त्यानं दुसऱ्याचा कागद मारला,” आवडी म्हणाली. “आमच्या म्होरं.”

चंद्रीला पद्मजाच्या गॅलरीतली पाटी ठाऊक होती. ‘मराठी-इंग्रजी टायपिंग करून मिळेल.’ वाचता येत नसलं तरी ती पाटी कशाची, हे तिने कधीतरी विचारून ठेवलं होतं.

पद्मजाने अंबरनाथच्या एका कंपनीत बावीस वर्षं टायपिस्टची नोकरी केली होती. कंपनीत कॉम्प्युटर आले तेव्हा साहेबांनी दोन नव्या पोरींना शिकायला पाठवलं आणि पद्मजाला म्हणाले, तुम्हाला आता या वयात कशाला त्रास. तिने राजीनामा दिला. मग बदलापुरातल्या एका क्लासमध्ये, आपल्याहून निम्म्या वयाच्या मुलांच्या रांगेत बसून, तिने तोच कॉम्प्युटर शिकून घेतला. फंडातून कॉम्प्युटर आणला, शाई फवारणारा एक प्रिंटर आणला आणि पाटी लावली. नवरा श्यामकांत एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत अधिकारी होता. त्याला हे सगळं हौसेचं वाटे. दिवाळीच्या साफसफाईत जुना टाइपरायटर जागा अडवतो म्हणून त्याने तो भंगारवाल्याला देऊन टाकला होता आणि पद्मजाला नंतर सांगितलं होतं.

तिने मास्तरांचा अर्ज वाचला. अक्षर खरंच वाईट होतं, पण मजकूर चोख होता. तिने खुर्ची ओढली आणि टाइप करायला घेतलं. मधेमधे ती विचारी, तार नेमकी कोणत्या दिवशी लागली, वाट किती पावलांची, तारेच्या आत आणखी काय गेलं. आवडी एकेक गोष्ट आठवून सांगे. दोन पानं भरली. पद्मजाने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ‘पूर्वापार वहिवाटीची वाट’ हे शब्द आले तेव्हा आवडीने मान हलवली. तिला ते पटलं होतं.

मग पद्मजाने प्रिंटरवरचं भरतकामाचं आच्छादन काढलं, कागद लावला आणि आज्ञा दिली. प्रिंटर घरघरला, आतली डबी इकडून तिकडे धावली, कागद सरकत बाहेर आला. दोन्ही बाजूंनी पांढरा.

तिने पुन्हा केलं. पुन्हा पांढरा.

तिन्ही जणी त्या कागदाकडे बघत राहिल्या. ऑगस्टपासून पद्मजा पेणला आजारी आईजवळ होती आणि तीन महिने प्रिंटरला कोणी हात लावला नव्हता, हे तिला आत्ता आठवलं. तिने दोघींना सांगितलं की यंत्र थोडं अडलंय, उद्या दुपारी या. आवडीने विचारलं, उद्या नक्की ना. पद्मजा म्हणाली, नक्की. त्या गेल्यावर आपण हे कशाच्या जोरावर बोललो, असं तिच्या मनात आलं.

टाइपरायटर बिघडला की ती पूर्वी कधी मेकॅनिकची वाट बघायची नाही. खिळा अडलाय की रिबिन सरकत नाही की रूळ फिरत नाही, एकेक बघत जायचं. तिने तसंच सुरू केलं. मागची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली, दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळले. कॉम्प्युटरमध्ये अडकून पडलेले जुने हुकूम रद्द केले. काही फरक पडला नाही. मग तिने प्रिंटरबरोबर आलेलं पुस्तक काढलं आणि इंग्रजी शब्द लावत लावत वाचलं. त्यात एक युक्ती होती. वायर काढून टाकायची, कागद सरकवायचं बटण दाबून धरायचं आणि तसंच प्रिंटर चालू करायचा. कॉम्प्युटरशिवाय तो आपला आपण एक नमुन्याचं पान छापतो. पान आलं तर दोष कॉम्प्युटरकडे, नाही आलं तर प्रिंटरमध्ये.

पान पांढरंच आलं. कोपऱ्यात तेवढी केसाएवढी एक करडी रेघ होती.

म्हणजे कॉम्प्युटर ठीक, वायर ठीक. तिने झाकण उघडून काळ्या शाईची डबी बाहेर काढली. डबी जड लागत होती. शाई होती, पण बाहेर येत नव्हती. संध्याकाळी श्यामकांत आला. त्यानेही वाकून बघितलं आणि कंपनीच्या माणसाला फोन कर म्हणाला. तिने आधीच केला होता. ठाण्याला आणून द्या, आठवडा लागेल, असं उत्तर मिळालं होतं.

गुरुवारी सकाळी तिने प्रिंटर चादरीत बांधला, रिक्षात मांडीवर घेतला आणि उल्हासनगर गाठलं. कॅम्प तीनच्या बाजारात परसरामचं दुकान होतं. टीव्ही, कॅल्क्युलेटर, टेपरेकॉर्डर, तो सगळंच उघडायचा. त्याने प्रिंटर लावून बघितला, पांढरा कागद बघितला आणि डबीची खालची बाजू अंगठ्याने चोळली.

“हेड गया, मॅडम,” तो म्हणाला. “नई कार्ट्रिज डालो.”

नवी डबी त्याच्याकडे नव्हती. मुंबईहून मागवायला लागणार होती, शनिवारी मिळाली असती. पद्मजाने विचारलं, साफ करून चालणार नाही का. परसराम हसला. त्यात केसाहून बारीक भोकं असतात, घरी हात लावलात तर उरलेलंही जाईल, असं त्याने समजावलं. प्रिंटर इथेच ठेवून जा, शनिवारी बघू, हे त्याने दोनदा सांगितलं. ती नाही म्हणाली. तिने पुन्हा चादर बांधली.

रिक्षासाठी ती शेजारच्या कारखान्याच्या दारात उभी राहिली. तिथे जीन्स शिवत आणि रंगवतही होते. दाराशी स्टुलावर पन्नाशीची एक बाई पितळी फवारणीची गन मोकळी करत बसली होती. पुढचं टोक तिने काढलं आणि वाफाळत्या पाण्याच्या वाटीत सोडलं. वाटीत निळं काहीतरी हळूहळू पसरायला लागलं.

पद्मजाने विचारलं, काय करताय. बाईचं नाव वेणूबाई होतं आणि तिला बोलायला आवडायचं. आठवडाभर गन पडून राहिली की टोकात रंग वाळतो, फवारा मारला की नुसती हवा येते, असं ती सांगू लागली. नवे आलेले लोक लगेच टाचणी घालतात, मग भोक मोठं होतं आणि गन खरंच फुकट जाते. रंग पाण्यात कालवलेला असतो, तर तो पाण्यानेच सुटणार.

“टोचायचं नाय, घासायचं नाय,” वेणूबाई म्हणाली. “ऊन पाण्यात टेकवून ठेवायचं आन् दम धरायचा. एकदा नाय सुटला तर तीनदा.”

पद्मजाने चादरीतला प्रिंटर तिला दाखवला आणि विचारलं की यातली शाईसुद्धा अशीच सुटेल का. वेणूबाईने आत डोकावून पाहिलं. यंत्राचं आपल्याला कळत नाही, ती म्हणाली, पण वाळलेलं ते वाळलेलं, सगळीकडे सारखंच.

घरी आल्यावर पद्मजाने डबी खिडकीजवळ नेली. खाली धातूची नखाएवढी एक पत्री होती, तिच्यावर शाईचं कडक कवच चढलं होतं. मागच्या बाजूला वीज आत घेणारे तांब्याचे ठिपके होते, तेही मळलेले. साध्या पाण्याने क्षार बसतील म्हणून तिने श्यामकांतच्या स्कूटरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड पाणी काढलं. वाटीभर कोमट केलं. जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा चौघडी करून बशीत ठेवला, तो भिजवला आणि डबी पत्रीच्या बाजूने त्यावर अलगद टेकवली. भोकं खाली, वजन आपोआप वर. घड्याळात दहा मिनिटं लावली.

दहा मिनिटांनी कापडावर काहीच नव्हतं. तिने पाणी बदललं. पुन्हा दहा मिनिटं. या वेळी राखाडी छटा उमटली, तीसुद्धा कडेलाच. तिसऱ्यांदा तिने पाणी थोडं जास्त ऊन घेतलं. तांब्याचे ठिपके स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घेतले.

मधेच चंद्री आली. या वेळी ती एकटीच होती. तिने बशीकडे पाहिलं आणि पलीकडे भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली की मधु सकाळी वाडीवर आला होता. चंद्रीचा नवरा सुकऱ्या त्याच फार्महाऊसवर राखणीला होता. मधुने सुकऱ्याला सगळ्यांदेखत सांगितलं, बायकोला आवर, नाहीतर सोमवारपासून येऊ नको. आणि वाडीला सांगितलं, शेठ आठवड्याला पाण्याचा टँकर पाठवील, फुकट, कागदबिगद करू नका.

“मग वाडी काय म्हणाली?” पद्मजाने विचारलं.

“अर्धी वाडी हो बोलली,” चंद्री म्हणाली. “मी बोलली, आमाला पानी फुकट नको. आमची वाट पायजे. टँकर आज येल, उद्या नाय येल. वाट काय नाय म्हनत नाय.”



पद्मजाने डबी उचलली आणि कोरड्या कापडावर टेकवली. कापडावर काळी, ओली, सलग रेघ उमटली. चंद्री उठून जवळ आली. दोघींनी ती रेघ पाहिली. पद्मजाने डबी बसवली, बटण दाबून नमुन्याचं पान काढलं. अक्षरं आली, पण प्रत्येक अक्षरातून पांढरे पट्टे गेलेले. निम्मी भोकं अजून बंद होती. तिने डबी काढली आणि पुन्हा बशीत ठेवली.

साडेपाचच्या सुमाराला श्यामकांत नेहमीपेक्षा लवकर घरी आला. चंद्रीला बघून तो थबकला, टेबलावरचं पट्ट्यांचं पान पाहिलं आणि पद्मजाला आतल्या खोलीत बोलावलं. चंद्री अर्ज कोणाकडून टाइप करून घेतेय हे वाडीतून कळल्यावर मधुचा त्याच्या ऑफिसात फोन आला होता. शेठचा रिकामे ड्रम पुरवायचा धंदा होता आणि श्यामकांतच्या कंपनीचे ड्रम तिथूनच यायचे. मधु उद्धट काही बोलला नव्हता. वहिनी कशाला या भानगडीत पडतायत, एवढंच त्याने अगदी आपुलकीने विचारलं होतं.

श्यामकांत वाईट माणूस नव्हता. त्याला भांडण नको होतं. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. त्याने आवाज खाली आणून तिला समजावलं की कोणाला दुखवायची गरजच नाही. प्रिंटर बिघडलाच आहे. कंपनीचा माणूसही आठवडा लागेल म्हणालाय. त्या बाईला तेवढं सांग, यात खोटं काहीच नाही.

पद्मजाला त्या क्षणी जे वाटलं ते रागापेक्षा वेगळं होतं. ‘तुम्हाला आता कशाला त्रास’ हे वाक्य तिने पूर्वी एकदा ऐकलं होतं, इतक्याच मायेने. तेव्हा ती उठून निघून गेली होती. हे तिचं घर होतं. इथून कुठे जाणार.

“सकाळी खरं होतं ते,” ती म्हणाली. “आता तो छापतोय.”

“अजून छापत नाहीये. पट्टे येतायत, मी पाहिले.”

“मग छापेल. आणि अहो, कोणी विचारलं तर माझं नाव सांगा. खाली मी ते टाइप करणार आहेच. टंकलेखन, पद्मजा श्यामकांत.”

श्यामकांत म्हणाला, म्हणजे माझंही नाव घालणार. ती म्हणाली, नको असेल तर नुसतं पद्मजा घालते.  ती बाहेर आली तेव्हा चंद्री पिशवी उचलून उभी होती. भिंत पातळ होती, सगळं ऐकू गेलं होतं.

“ताई, तुमच्या घरात नको,” चंद्री म्हणाली. “मी हातानंच लिवलेला नेते.”

“हाताने लिहिलेला ते घेणार नाहीत. बस खाली,” पद्मजा म्हणाली. आवाज जरा कडकच निघाला. चंद्री बसली.

शुक्रवारी सकाळी कात्रपची लाइट हमखास जायची, म्हणून जे व्हायचं ते आजच. चौथ्यांदा डबी बशीतून निघाली तेव्हा पट्टे दोनच उरले. तिने प्रिंटरचं साफसफाईचं बटण दाबलं, एकदाच, कारण त्यात शाई फार जाते असं पुस्तकात लिहिलं होतं. पुढच्या पानावर एकच पट्टा होता. तो ओळींच्या मधून जाईल अशी तिने ओळींमधली जागा थोडी वाढवून पाहिली, पण पट्टा दर ओळीला वेगळ्या जागी यायचा. तिने पाचव्यांदा पाणी तापवलं. पाचव्या वेळेनंतर अक्षर सलग आलं.

पहिली प्रत स्वच्छ निघाली. ‘पूर्वापार वहिवाटीची वाट’ काळीभोर उमटली. दुसऱ्या प्रतीचं पहिलं पान निघालं आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर अक्षरं फिकट होत होत नाहीशी झाली. पद्मजाने हात खाली सोडले. स्वयंपाकघरातून श्यामकांत आला. त्याच्या हातात कोमट पाण्याची वाटी होती, कापड बाजूला घडी करून ठेवलेलं. त्याने ते टेबलावर ठेवलं, कोणाकडे न बघता परत गेला आणि रेडिओ लावला. वाटीतलं पाणी बरोबर कोमट होतं.

सात वाजता तीन प्रती झाल्या. तिसरी जरा करडी होती, पण एकही अक्षर तुटलेलं नव्हतं. शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं: टंकलेखन, पद्मजा श्यामकांत. चंद्रीने कागदांना हात लावण्याआधी हात पदराला पुसले.

शुक्रवारी पद्मजा त्यांच्याबरोबर कचेरीत गेली. आवडीबरोबर वाडीतल्या आणखी पाच बायका उतरल्या होत्या. टँकरला हो म्हणालेल्यांपैकीही दोघी होत्या. कारकुनाने प्रती उलटसुलट केल्या आणि तिसरी फिकट आहे म्हणाला. पद्मजाने त्याच्यासमोर ती पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, घाई न करता, कार्यालयात बावीस वर्षं मसुदे वाचून दाखवायची तशी. पहिलं पान संपायच्या आत त्याने शिक्का उचलला. तारीख पडली, नंबर पडला. आवडीने अंगठा उमटवला आणि तिने तो इतका दाबला की कागद टेबलावरून सरकला.

त्यानंतर दोन महिने गेले. साहेब जागेवर आले, तलाठ्याने नकाशा उघडला, म्हाताऱ्यांना विचारलं. शेठच्या वकिलाने तारीख मागितली, ती मिळाली, पुढची मिळाली नाही. मधल्या काळात सुकऱ्याची राखण गेली. तो वांगणीला वीटभट्टीवर जायला लागला आणि काही दिवस चंद्रीशी बोलला नाही. श्यामकांतला कंपनीत कोणी काही म्हणालं नाही. एकदा त्याचे साहेब जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलाशी न थांबता पुढे गेले. त्याने घरी सांगितलं ते एवढंच, आणि सांगताना त्याला हसू आलं.

जानेवारीच्या शेवटी हुकूम निघाला. वाटेवरची तार काढायची, वाट मोकळी ठेवायची. शेठने तार कापली आणि त्या जागी हिरव्या रंगाचं लोखंडी फाटक बसवलं. कुलूप लावता येणार नव्हतं, नुसती कडी होती.

वाट उघडली त्या पहिल्या दिवशी पद्मजा मुद्दाम रिक्षा करून वर गेली. सकाळची नऊची वेळ. बायका हंडे घेऊन रांगेत फाटकातून आत शिरल्या, पुढे आवडी. पन्नास पावलांवर फार्महाऊसचा व्हरांडा होता आणि तिथे शेठ स्वतः खुर्ची टाकून बसला होता. बायका पुढे गेल्यावर त्याने मागून हाक मारली, जरा चढ्या आवाजात. जाताना फाटक लावून घेत चला, ढोरं आत येतात.

पद्मजा सगळ्यांत मागे, अजून फाटकापाशीच होती आणि सवयीने तिचा हात कडीकडे गेलाही.

“ऱ्हाऊ दे, ताई,” चंद्री म्हणाली. “आमी परत येनार हाव. दिसभर येनार हाव.”

पद्मजाने हात काढून घेतला. वाट उताराची होती, मधे दोन ठिकाणी वापर नसल्याने गवत माजलं होतं. आवडी ते पायाने दडपत चालली होती, आणि तिच्यामागच्या बायका तिच्या पावलांवर पाऊल टाकत होत्या.